भूकंपातही टिकणारा जलबोगदा: फ्रेझर नदीच्या तळाखाली काय चाललंय?

कॅनडात व्हँकुव्हरजवळ सरे नावाचं शहर आहे. माझा आतेभाऊ तिथे राहतो. परवा फोनवर तो म्हणाला, "ताई, इथे नळाला चोवीस तास पाणी आहे, दाबही चांगला आहे. तरी नदीखालून आणखी एक बोगदा खणतायत. भूकंपासाठी म्हणे. भूकंपात तर जमीनच हलते ना? मग जमिनीच्या पोटातून नेलेलं पाणी सुरक्षित कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पाणीपुरवठ्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, तरी फोनवर मला तो धड समजावता आला नाही. कारण उत्तराची सुरुवात बोगद्यापासून होत नाही, मातीपासून होते. म्हणून आता नीट, पहिल्यापासून.

## पाणी उत्तरेला, वस्ती दक्षिणेला

व्हँकुव्हर परिसराचं पाणी उत्तरेकडच्या डोंगरांतून येतं. कॅपिलानो, सिमोर आणि कोक्विटलम ही तीन मोठी जलाशयं. 'मेट्रो व्हँकुव्हर' ही प्रादेशिक संस्था तिथून २५ लाखांहून जास्त लोकांना पाणी पुरवते. जलाशयं उंचावर असल्यामुळे बरंचसं पाणी उतारानेच वाहत येतं.

मधे आडवी येते फ्रेझर नदी. सरे, डेल्टा, लँगली ही शहरं तिच्या दक्षिणेला आहेत आणि तिथली वस्ती झपाट्याने वाढते आहे. पंजाबी कुटुंबं खूप, आता मराठी घरंही दिसतात. या सगळ्यांचं पाणी नदी ओलांडूनच येतं. जुन्या जलवाहिन्या नदीच्या तळाशी उथळ चर खणून त्यात पुरलेल्या आहेत. अशा वाहिनीला दोन धोके असतात. एक रोजचा: प्रवाह तळ खरवडत राहतो आणि कधीतरी पाइप उघडा पडतो. दुसरा भूकंपाचा.

म्हणून आता जलवाहिनी नदीच्या तळाखाली खोल बोगद्यातून नेतात. सरे आणि उत्तर काठावरचं कोक्विटलम शहर यांच्यामधला पोर्ट मॅन जलबोगदा सुमारे १ किलोमीटर लांबीचा. त्याचं बांधकाम २०११ साली सुरू झालं आणि आता तो वापरात आहे. न्यू वेस्टमिन्स्टर आणि सरे यांना जोडणाऱ्या अॅनासिस जलबोगद्याचं काम २०२२ पासून चालू आहे. त्याची लांबी २.३ किलोमीटर, बोगद्याचा व्यास ४.५ मीटर, आणि आतून जाणारा पोलादी पाइप २.६ मीटर व्यासाचा. या पाइपात उभं राहून हात वर केला तरी बहुतेकांची बोटं छताला लागणार नाहीत.

## भीती कोणत्या भूकंपाची?

या किनाऱ्यासमोर समुद्राखाली हुआन द फुका नावाचं भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतंय. सुमारे १,००० किलोमीटर लांबीच्या या सीमेला कॅस्केडिया म्हणतात. दोन्ही पट्टं एकमेकांत अडकून बसली आहेत, ताण साठतोय, आणि तो एक दिवस सुटणार आहे.

मागच्या वेळी तो सुटला २६ जानेवारी १७०० रोजी, रात्री. तिथे तेव्हा लेखी नोंद ठेवणारं कुणी नव्हतं, मग तारीख कळली कशी? जपानच्या किनाऱ्यावर त्या सुमारास त्सुनामी आली होती, पण जपानी लोकांना आधी धक्का काही जाणवला नव्हता. त्याची नोंद तिथल्या दप्तरांत राहिली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्राचं खारं पाणी शिरून एकदम मेलेली झाडं सापडली, त्यांची वलयं मोजली. दोन्ही टोकं जुळली आणि लाटेच्या प्रवासाचा वेळ मागे मोजत तारीख आली. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या तोंडी कथांमध्येही रात्री जमीन हादरून समुद्र आत आल्याच्या आठवणी होत्याच. त्या भूकंपाची तीव्रता सुमारे ९ होती असं मानतात.

इतक्या मोठ्या भूकंपाचं वैशिष्ट्य असं, की तो मिनिटभरात आटपत नाही. कित्येक मिनिटं जमीन हलत राहते. पुढे जे सांगणार आहे त्यात धक्क्याच्या जोराइतकंच हे लांबणं महत्त्वाचं आहे.

## पायली हलवली की धान्य खाली बसतं

पायलीत ज्वारी भरताना आपण पायली थोडी हलवतो. दाणे एकमेकांच्या फटींत बसतात आणि वर जागा होते. सैल वाळूचंही तसंच. हलवली की ती दाटून बसायला बघते.

आता फटींमध्ये हवेऐवजी पाणी आहे असं समजा. दाणे खाली बसू पाहतात, पण फटीतलं पाणी इतक्या झटपट बाहेर पडू शकत नाही. ते दाबलं जातं, त्याचा दाब वाढतो आणि दाणे एकमेकांपासून सुटतात. दाण्याने दाण्याला टेकून जो भार पेललेला असतो तो टेकूच जातो. क्षणापूर्वी घट्ट असलेली जमीन दाट आमटीसारखी वागू लागते. याला द्रवीकरण म्हणतात. समुद्राकाठी ओल्या वाळूवर पायाने थापट्या मारल्या की वाळू थुलथुलते आणि वर पाणी येतं, तेच हे, फक्त शहराएवढ्या आकारात. थापट्या जितका वेळ चालतील तितका दाब साचत जातो, म्हणून कित्येक मिनिटं चालणारा भूकंप इथे जास्त घातक.

१९६४ साली जपानमधल्या निगाता इथे चारमजली इमारती न मोडता नुसत्या आडव्या कलंडल्या, कारण खालची वाळू पातळ झाली. २०११ साली न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये रस्ते राखाडी चिखलाने भरून गेले. आपल्याकडे २००१ च्या भूज भूकंपात कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळली.

फ्रेझरच्या काठची माती याच जातीची आहे. नदीने गेल्या सुमारे १०,००० वर्षांत आणून टाकलेली सैल वाळू आणि गाळ, तीही पाण्याने भरलेली. त्यातून जाणाऱ्या पाइपाचं दोन तऱ्हेने नुकसान होतं. पातळ झालेली जमीन उताराच्या दिशेने, म्हणजे नदीकडे सरकते आणि पाइप ओढून तोडते. आणि पाइप आतून पोकळ असेल तर तो चक्क तरंगतो. २०११ च्या जपानी भूकंपात टोकियोजवळच्या उरायासू इथे भराव घातलेल्या जमिनीतून मॅनहोल वर आले होते.

## जमीन हलते, मग खोल जाऊन काय मिळतं?

आतेभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. दोन कारणं आहेत.

पहिलं, भूकंपाची लाट पृष्ठभागाजवळच्या सैल मातीत येते तेव्हा तिचा झोका वाढतो. खोल, घट्ट थरात तो कमी असतो. शिवाय उंच इमारत हलते तेव्हा तिचं वजनच तिच्यावर उलटतं: पाया सरकला, वरचा भाग मागे राहिला. बस अचानक सुटली की उभे असलेले प्रवासी मागे कलंडतात, तसंच. बोगद्याला हा त्रास जवळजवळ नसतो. चहूबाजूंनी माती त्याला धरून असते. बोगदा उभ्या प्रवाशासारखा नाही, आसनात रुतून बसलेल्या प्रवाशासारखा आहे. माती जाईल तिकडे तोही जातो.

१९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ मोठा भूकंप झाला. खाडीवरच्या बे ब्रिजचा एक तुकडा कोसळला आणि पूल महिनाभर बंद राहिला. त्याच खाडीखालून जाणारा लोकल रेल्वेचा नळीबोगदा तपासणी करून काही तासांत पुन्हा सुरू झाला.

दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं आहे. माती जाईल तिकडे बोगदा जाणार असेल, तर माती फार कुठे जाणार नाही अशी जागा शोधली पाहिजे. फ्रेझरच्या सैल गाळाखाली हिमयुगातले थर आहेत. त्या काळी या भागावर किलोमीटरहून जाड बर्फ होता. त्या ओझ्याखाली माती, रेती आणि गोटे इतके दाबले गेले की ते जवळजवळ खडकासारखे झाले. दाणे आधीच शक्य तितके दाटून बसले आहेत, त्यामुळे हलवल्यावर आणखी खाली बसायला जागाच नाही, म्हणून द्रवीकरणही नाही.

बोगद्याची खोली आणि मार्ग ठरवताना अभियंते आधी नदीत आणि काठावर विंधणछिद्रं घेऊन हेच शोधतात: पातळ होऊ शकणारी माती कुठे संपते? बोगदा त्याच्या खाली. भूकंपाला तोंड देण्याचं निम्म्याहून जास्त काम एवढ्या एका निर्णयात होतं. पोलाद किती जाड हे नंतर.

## त्यापेक्षा पुलाला पाइप बांधून टाका

हा सल्ला अनेकजण देतात आणि छोट्या वाहिन्या तशा नेल्याही जातात. पण २.६ मीटर व्यासाच्या पाइपात प्रत्येक मीटर लांबीला ५ टनांहून जास्त पाणी मावतं. एवढं ओझं पेलायला पूलच वेगळा बांधावा लागेल. शिवाय पूल गेला तर वाट आणि पाणी दोन्ही एकदम जातील.

नदीचंच पाणी शुद्ध करून दक्षिणेला का देत नाहीत, असंही विचारतात. फ्रेझर गढूळ आहे आणि मुखाजवळ भरतीबरोबर खारं पाणी आत येतं. त्यासाठी मोठं शुद्धीकरण केंद्र आणि पंप लागतील, म्हणजे वीज लागेल. भूकंपानंतर विजेचा भरवसा धरता येत नाही. उतारावर पाणी विजेशिवाय उतरतं.

## बाहेर बांगड्या, आत नळी

आता प्रत्यक्ष बांधणी. बाहेरचं अस्तर काँक्रीटचं असतं, पण सलग ओतलेलं नसतं. कारखान्यात घडवलेले वक्र तुकडे एकमेकांना जोडून एक कडं तयार होतं, कड्याला कडं लागत जातं. बांगड्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. सांध्यांमध्ये रबराच्या पट्ट्या दाबलेल्या असतात, त्या पाणी अडवतात. भूकंपाची लाट लांबीच्या दिशेने जाते तेव्हा सलग काँक्रीटची नळी खडूसारखी मोडली असती. इथे प्रत्येक सांधा केसभर उघडतो, मिटतो आणि अख्खी चळत किंचित वाकते.

मग या कड्यांतूनच पाणी का सोडत नाहीत? कारण कडं बाहेरून येणारा दाब छान पेलतं. कमानीतले दगड जसे एकमेकांना रेटून उभे राहतात, तसं. आतून ढकललं तर मात्र तुकडे सुटू पाहतात. डोंगरावरून उतरलेल्या पाण्याचा दाब आतून ढकलणाराच असतो. तो पेलायला ताण सहन करणारी वस्तू हवी, आणि ती पोलाद. पोलादाचा दुसरा गुण म्हणजे ते तुटायच्या आधी बरंच ताणतं आणि वाकतं. खडू वाकवला की दोन तुकडे होतात, तार वाकवली की वाकडी होते पण एकसंध राहते. भूकंपात वाकडा झालेला पाइप चालेल, उघडा पडलेला चालणार नाही.

पोलादी पाइपाची एक दुखरी बाजूही आहे. दुरुस्तीसाठी तो रिकामा केला आणि बाहेरचं भूजल थेट त्याच्यावर आलं, तर तो आत चेपू शकतो. फळांच्या रसाचं खोकं नळीने जोरात ओढून प्यायलो की चेपतं, तसा. म्हणजे बाहेरचा दाब काँक्रीटने घ्यायचा, आतला पोलादाने, अशी ही वाटणी आहे. एकाने दुसऱ्याचं उणं भरून काढायचं. दोन्हींमधल्या पोकळीत काँक्रीटसारखं मिश्रण भरतात. त्यामुळे पाइप जागेवर धरला जातो आणि सिमेंटच्या सहवासात बाहेरून गंजत नाही. घराच्या स्लॅबमधली सळई वर्षानुवर्षं टिकते, तेच कारण.

हे काम फार मेहनतीचं असतं. पाइपाचा एकेक तुकडा काठावरच्या खोल कूपातून खाली सोडायचा, बोगद्यातून पुढे न्यायचा, आधीच्या तुकड्याला जुळवायचा आणि गोल फिरत वेल्डिंग करायचं. प्रत्येक सांध्याची तपासणी होते, कारण भूकंपात ताण शोधत येतो तो कच्च्या वेल्डिंगकडेच. पोकळीत मिश्रण ओततानाही ते टप्प्याटप्प्याने ओततात, नाहीतर ओल्या मिश्रणात पाइपच तरंगायला लागेल.

## नदीखाली खणताना पाणी आत का येत नाही?

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ बार वाढतो. पाण्याच्या पातळीखाली ५० मीटर असलात तर ५ बार. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. समोरची माती मोकळी सोडली तर ती पाण्यासकट आत घुसेल.

म्हणून बोगदा खणणाऱ्या यंत्राचं तोंड बंद असतं. एका प्रकारच्या यंत्रात कापलेली माती तोंडामागच्या कप्प्यात भरून ठेवतात, तिच्यात फेस मिसळून लगदा करतात आणि मळसूत्रासारख्या दांड्याने हळूहळू बाहेर काढतात. चकलीचं पीठ सैल झालं तर सोऱ्यातून वाहतं, घट्ट झालं तर सरकत नाही. इथेही सगळं कौशल्य लगद्याच्या पोतात आहे. आत येणारी आणि बाहेर जाणारी माती समान राहिली की कप्प्यातला दाब समोरच्या दाबाला तोलून धरतो. यंत्र एका कड्याएवढं पुढे सरकतं, मागे नवं कडं बसतं, त्याला रेटून यंत्र पुन्हा पुढे जातं.

हिमयुगातल्या मातीत मोठाले धोंडे असतात. त्यांनी कापणारी पाती झिजतात आणि ती बदलायला माणसांनाच पुढच्या कप्प्यात जावं लागतं, दाबाखालच्या हवेत. बाहेर पडताना पाणबुड्यांप्रमाणे त्यांनाही दाब हळूहळू उतरवत यावं लागतं. हे लोक कुणाला दिसत नाहीत, पण असं काम त्यांच्यामुळेच पार पडतं.

## सगळ्यात नाजूक जागा

मला विचाराल तर धोका नदीच्या मध्याखाली कमी आणि दोन्ही टोकांना जास्त असतो. तिथे आडवा बोगदा उभ्या कूपाला भेटतो. कूप म्हणजे काँक्रीटची प्रचंड विहीर, खालच्या घट्ट थरात रोवलेली, पण वरचा भाग त्याच सैल गाळातून गेलेला. भूकंपात काठाची माती नदीकडे सरकली तर तिचा सगळा रेटा कूपावर येतो. शिवाय कूप एका तालावर हलतो, बोगदा दुसऱ्या. जाड दोरी खांबाला बांधली तर ती गाठीपाशीच झिजते, तसं इथे होतं.

म्हणून कूपाच्या भिंती जाड करतात, गरज पडली तर भोवतीच्या सैल वाळूत खडीचे स्तंभ ठोकून ती आधीच दाटून घेतात, आणि वर पृष्ठभागाजवळ जिथे नवा पाइप जुन्या जाळ्याला मिळतो तिथे थोडं सरकू-वळू देणारे सांधे ठेवतात. टोकांना व्हॉल्व्ह हवेतच. पलीकडची वाहिनी फुटली तर आपला भाग बंद करून पाणी राखता आलं पाहिजे, नाहीतर शाबूत बोगद्यातूनच पाणी वाहून जाईल.

## १०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या भूकंपासाठी एवढा खर्च?

व्हँकुव्हर परिसरातल्या या नव्या जलबोगद्यांबद्दल '१०,००० वर्षांतून एकदा येणाऱ्या भूकंपाला टिकेल' असं वाचायला मिळतं. वाचणाऱ्याला वाटतं, तोवर कोण बघायला राहणार! पण याचा अर्थ १०,००० वर्षं वाट पाहायची असा नाही. इतका तीव्र हादरा कोणत्याही एका वर्षी बसण्याची शक्यता १०,००० त १ आहे. बोगदा १०० वर्षं वापरायचा असेल तर त्या काळात ती सुमारे १ टक्का होते. साध्या इमारतींसाठी कॅनडात साधारण २,५०० वर्षांचा हिशेब धरतात. म्हणजे ५० वर्षांत २ टक्के. इमारत पडली तर त्या इमारतीचं नुकसान. मुख्य जलवाहिनी तुटली तर लाखो लोकांचं पाणी एकदम जातं, आणि नदीच्या तळाशी जाऊन ती जोडायला महिनेही लागू शकतात. म्हणून तिच्यासाठी निकष जास्त कडक.

आणि भूकंपानंतर पाणी फक्त पिण्यासाठी लागत नाही. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत धक्क्यानंतर आगी लागल्या, जलवाहिन्या तुटल्यामुळे विझवायला पाणी नव्हतं आणि शहर तीन दिवस जळत राहिलं. २८,००० हून जास्त इमारती गेल्या, त्यातल्या बहुसंख्य आगीत. १९९५ साली कोबेमध्येही अग्निशमन दलाचे लोक कोरडे नळ घेऊन उभे होते.

## आपल्याकडे?

मुंबईचं पाणीही आज बऱ्याच अंशी खोल जलबोगद्यांतून येतं. भांडुप संकुलाकडे येणारा गुंदवलीचा बोगदा तर जवळपास १०० मीटर खोल आहे. आपल्याला बेसाल्टचा कठीण खडक मिळालाय, त्यामुळे खोलवर वाळू पातळ होण्याची चिंता नाही. पण खोल आहे म्हणजे कुणाचा हात पोहोचत नाही, असं समजू नये. ठाण्यात बोअरवेल खोदताना मुंबईच्या जलबोगद्याला भोक पडलं आणि २०२३ साली दुरुस्तीसाठी शहराला महिनाभर पाणीकपात सोसावी लागली. जमिनीखाली काय गेलंय याचे नकाशे अचूक असणं आणि बोअर घेणाऱ्याला ते दाखवणं, हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्या महाराष्ट्राने 'आपल्याकडे काय होणार' असं म्हणू नये.

## बोगदा टिकला, पण नळाला पाणी येईल का?

हा सगळ्यात कठीण आक्षेप आहे आणि तो खरा आहे. बोगद्यातून पाणी सरेला पोहोचेल, पण गल्लीतले पाइप उथळ आहेत, काही जुने आणि ठिसूळ आहेत. ते जागोजागी फुटतील. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून असे पाइप वापरतात ज्यांचा प्रत्येक सांधा थोडा लांबतो, वळतो, पण निसटत नाही. साखळीच्या कड्या जशा सैल असूनही सुटत नाहीत. अमेरिका आणि कॅनडातली शहरंही आता ते बसवतायत, पण शेकडो किलोमीटरचं जाळं बदलायला कित्येक दशकं जातात. तोपर्यंत बोगद्याचा उपयोग हा, की फुटलेल्या गल्ल्या एकेक करून दुरुस्त होताना त्यांच्यामागे पाणी उभं असेल. मुख्य वाहिनीच गेली तर गल्ली दुरुस्त करूनही पाइपात सोडायला काही नसतं.

आतेभावाला मी शेवटी एवढंच सांगितलं, की मधले दिवस तुझे तुला काढायचे आहेत. तिथलं सरकार सांगतं, माणशी रोज ४ लिटर पाणी साठवून ठेवा. घरात चौघं आहेत, तीन दिवसांचे धरले तरी ४८ लिटर होतात. त्याने गॅरेजमध्ये कॅन आणून ठेवले आहेत. दर सहा महिन्यांनी पाणी बदलायला मी आठवण करणार आहे.